ॲम्बेसिडरचं हेड बदलताना: १४८९ सीसी पेट्रोल इंजिनासाठी

मराठवाड्यात जुन्या ॲम्बेसिडरचं हेड (सिलिंडरांवरचं लोखंडी झाकण, ज्यात व्हॉल्व बसतात) जातं ते बहुतेक वेळा पाण्यापायी. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओतलेलं बोअरचं पाणी, आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडची पाण्याची वाट बंद ठेवणारी झडप) कुणीतरी केव्हाच काढून फेकलेला. घरातल्या पाण्याच्या हिटरवर जसा पांढरा थर चढतो तसाच तो हेडच्या आतल्या पोकळ्यांतही चढतो. मग लोखंडाची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. सगळ्यात जास्त सोसावं लागतं दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्वना, कारण ते दोन्ही शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांचा धूर एकाच पोर्टमधून बाहेर पडतो. तडा शोधायचा तर आधी तिथे बघा. आणि नवं हेड बसवून पाण्याची बाजू तशीच ठेवली तर तेही त्याच वाटेनं जाणार, हे धरूनच कामाला हात घाला.

इथली माहिती १४८९ सीसीच्या, बीएमसी बी-सीरिज घराण्यातल्या पेट्रोल इंजिनाची आहे. ओतीव लोखंडाचं हेड, ब्लॉकमधला कॅमशाफ्ट, वर पुशरॉड (उभ्या सळया) आणि रॉकर (व्हॉल्व दाबणारे दांडे). १.८ आयएसझेडचं इसुझू इंजिन आणि डिझेल गाड्या यांचं हेड वेगळं, नट वेगळे, टॉर्कही (नट आवळण्याचा जोर) वेगळा. ते आकडे इथून उचलू नका.

आधी दोष हेडचाच आहे का?

रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइल दुधाळ चहाच्या रंगाचं, सायलेन्सरमधून गरम झाल्यावरही पांढरी वाफ, पाणी रोज कमी आणि खाली थेंब नाही: यातलं काहीही दिसलं तर गॅस्केट किंवा हेड यांच्यावर संशय घ्यावा. पण खात्री कॉम्प्रेशन गेजनं करा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असले तर ठीक. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर त्या दोघांमधलं गॅस्केट उडालेलं असतं, हेड कदाचित शाबूत असेल. एकच सिलिंडर कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा, आणि हेड बदलून काही फायदा नाही. चढला नाही तर व्हॉल्व.

वाफ दिसली की लगेच हेड काढायला घेऊ नका. पाण्याचा पंप, फॅनचा पट्टा, गंजलेलं होजपाइप, तोंड न दाबणारं रेडिएटरचं झाकण हे सगळं आधी बघून घ्या. दाब धरणारं झाकण पाण्याचा उकळबिंदू वर नेतं. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असलेल्या छत्रपती संभाजीनगरात उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे ढिलं झाकण इथे मुंबईपेक्षा लवकर दगा देतं.

हेड मिळवणं आणि पारखणं

हिंदुस्तान मोटर्सचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद झाला. त्यामुळे हेड मिळतं ते जुन्या साठ्यातलं किंवा भंगारातल्या गाडीचं. कोलकात्याच्या मल्लिक बाजारात अजूनही माल निघतो, पण न बघता मागवू नका. समोर आलेल्या हेडची जाडी चारही कोपऱ्यांत व्हर्निअरनं मोजा आणि आपल्या हेडशी ताडून बघा. चारही कोपरे सारखे नसतील तर कुणीतरी ते वाकडं फेसिंग (मशीनवर तोंड घासून सपाट करणं) केलेलं आहे. सगळीकडून पातळ असेल तर अनेकदा घासलेलं आहे: कॉम्प्रेशन वाढून गाडी चढावर ठणठणेल. नवं गॅस्केट हेडच्या तोंडावर ठेवून पाण्याचं प्रत्येक छिद्र जुळतं का बघा. छिद्रांच्या कडा गंजून गॅस्केटच्या कड्याबाहेर गेल्या असतील तर ते हेड कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

यासोबत लागेल: हेड गॅस्केट, मॅनिफोल्ड गॅस्केट, रॉकर कव्हरचं कॉर्क, थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट, व्हॉल्वच्या दांडीची ऑइल सील, वरचं-खालचं होजपाइप क्लिपांसकट, नवे हेड नट आणि जाड वॉशर, आणि २०डब्ल्यू-५० ऑइल, फिल्टरसकट सव्वाचार लिटरच्या आसपास.

पान्यांबद्दल एक गोष्ट. हे इंजिन इंचाचं आहे. हेडच्या नटाला ९/१६ इंचाची गोटी (सॉकेट) लागते, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. १४ ची बसत नाही आणि १५ ची फिरून कोपरे खाते. बहुतेक जुन्या गाड्यांचे गोल झालेले नट याच १५ च्या गोटीचे बळी. रॉकरच्या लहान नटाला १/२ इंचाची लागते. तिथे १३ ची गोटी तात्पुरती चालते, पण घट्ट नटावर नको. टॉर्क पाना नसेल तर भाड्यानं आणा, अंदाजानं हेड आवळायचं नाही.

उतरवणं

इंजिन पूर्ण थंड हवं. उन्हाळ्यात रात्रभर ठेवूनही दुपारी बॉनेटखाली ऊब असते, म्हणून काम पहाटे सुरू करा. बॅटरीची तार काढा. रेडिएटरचा नळ उघडा आणि ब्लॉकचाही. ब्लॉकचा नळ बहुधा गाळानं बुजलेला असतो: तार घालून मोकळा करा. नळातून निघालेला गाळ लाल-तपकिरी असेल तर गंज, पांढरट चुरा असेल तर क्षार. दोन्ही असतील तर पुढची साफसफाई मन लावून करावी लागणार, हे इथेच कळतं.

एअर क्लीनर, कार्बुरेटर, पेट्रोलची नळी, थ्रॉटल आणि चोकच्या तारा, व्हॅक्यूमची नळी, प्लगच्या वायरी, तापमानाच्या काट्याची वायर किंवा नळी, वरचं होजपाइप, सायलेन्सरचा जोड हे सगळं सुटं करा. तापमानाची बारीक तांब्याची नळी असेल तर ती मोडू नका, जुळवता येत नाही. प्लगच्या वायरींना १-२-३-४ अशी चिकटपट्टी लावा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. हेड एकूण अकरा नटांवर बसतं. त्यातले सात बाहेरचे, आणि चार नट रॉकर शाफ्टच्या ब्रॅकेटमधून जातात. म्हणजे हे चार नट रॉकरही धरतात आणि हेडही. रॉकर काढायचा म्हणून नुसते हेच चार सोडले तर एका बाजूनं दाब जातो, बाकीचे सात ओढत राहतात आणि हेड वाकतं. वाकलेल्या फटीतून पाणी सिलिंडरमध्ये आणि खालच्या टाकीतल्या ऑइलमध्ये उतरतं. म्हणून नुसता रॉकर उघडायचा असला तरी आधी पाणी काढायचं आणि अकराही नट एकत्र सैल करायचे: बाहेरच्या टोकांकडून मधे येत, प्रत्येक नट अर्धा फेरा, मग दुसरी फेरी, तिसरी फेरी. ब्रॅकेटचे वेगळे चार लहान नट नंतर.

रॉकर शाफ्ट सरळ वर उचला. पुशरॉड काढताना आधी बोटांनी गोल फिरवा आणि मग उचला. न फिरवता ओढला तर ऑइलच्या चिकटपणानं खालचा टॅपेटही (कॅमशाफ्टवर बसून पुशरॉडला ढकलणारा तुकडा) वर येतो आणि जागेवरून निसटतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून १ ते ८ आकडे टाका आणि त्याच क्रमानं पुशरॉड खोचून ठेवा. जुने घासलेले तुकडे आपापल्या जागीच परत गेले पाहिजेत.

हेड चिकटून बसलं तर फटीत स्क्रू ड्रायव्हर किंवा छन्नी घालू नका. एक ओरखडा पडला की तिथून आयुष्यभर गळती. प्लग परत लावा आणि पुढचं हँडल घालून इंजिन दोन-तीनदा फिरवा. रॉकर नसल्यानं सगळे व्हॉल्व बंद असतात, त्यामुळे आतल्या हवेचा दाबच हेड सोडवतो. नाहीतर कडेला लाकडी ठोकळा ठेवून हातोडी. हेड वीस-पंचवीस किलोचं, मॅनिफोल्डसकट त्याहून जड: दोघांनी स्टडवरून (ब्लॉकमधून वर आलेले आट्यांचे दांडे) सरळ वर उचलायचं, वाकडं नाही. ठेवायचं ते लाकडावर, तोंड खाली करून फरशीवर नाही.

उघड्या ब्लॉकवर लगेच स्वच्छ कापड झाका. काळ्या मातीची धूळ संध्याकाळच्या वावटळीत कुठून शिरते ते कळत नाही, आणि सिलिंडरमध्ये ती पॉलिश पेपरचं काम करते.

ब्लॉकची बाजू

नवं हेड आलं म्हणून ब्लॉककडे दुर्लक्ष करण्याची सवय वाईट. चांगली स्टीलची सरळपट्टी ब्लॉकवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत ठेवा आणि खालून ०.०५ मिलिमीटरचं फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) जातं का पाहा. जात असेल तर ती जागा खडूनं खूण करा आणि मशीन शॉपला दाखवा. स्टडच्या बुडाशी लोखंड किंचित वर ओढलं गेलेलं असतं. हा फुगवटा डोळ्याला दिसत नाही, पण बोटाला लागतो, आणि त्याच्यामुळे गॅस्केट स्टडभोवती दाबलं जातं व सिलिंडरभोवती मोकळं राहतं. स्टड काढायचा तर दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटानं फिरवा. भोकाची कड काउंटरसिंक ड्रिलनं अगदी थोडी उतरवा, भोक फुंकून साफ करा, स्टड हातानं बसवून हलकासा आवळा. आटे ताणलेला स्टड परत वापरू नका.

पिस्टनवरचा कार्बन खरवडताना सिलिंडरच्या कडेला ग्रीसची रेघ द्या, म्हणजे चुरा तिला चिकटेल. पिस्टन पुरता वर आणून लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी वापरा, पोलादी नको.

आता पाण्याचे खिसे. ब्लॉकच्या अंगाला गोल पत्र्याचे प्लग असतात: ते गंजले असतील तर आत्ताच काढा, नवे बसवायचेच आहेत. आतून वाकवलेल्या तारेनं गाळ ओढून काढा आणि होजपाइपनं जोरात धुवा. चौथ्या सिलिंडरच्या मागे सगळ्यात जास्त साचतं, कारण पंपापासून ती जागा सगळ्यात लांब. रेडिएटर रेडिएटरवाल्याकडून उघडून नळ्यांत सळई फिरवून घ्या, नुसतं पाणी सोडून नळीतला क्षार निघत नाही. हेडच्या पोकळ्यांत किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाचं द्रावण, लिटरला ५० ग्रॅम, दोन-तीन तास भरून ठेवा. फेस थांबला की ओतून द्या, खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं एकदा आणि साध्या पाण्यानं दोनदा धुवा. थर्मोस्टॅटचं घर ॲल्युमिनियमचं असेल तर ते या द्रावणात बुडवू नका.

मशीन शॉपमध्ये काय सांगायचं

संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर इथे हेडचं काम करणारी दुकानं आहेत. तिथे हेड टेकवून "करून द्या" एवढं सांगितलं तर फेसिंग करून परत मिळतं, बस. सांगायचं ते असं: आधी गरम पाण्यात हवेचा दाब देऊन तडा तपासा, मगच पुढचा खर्च. थंड लोखंडात मिटलेला तडा गरम झाल्यावरच बोलतो. दोन व्हॉल्वच्या सीटांमध्ये (व्हॉल्व बंद होताना टेकतो त्या कडा) तडा असेल तर वेल्डिंगच्या भरीस पडू नका: ओतीव लोखंड सगळं सारखं तापवून वेल्ड आणि सावकाश थंड केलं नाही तर शेजारी नवा तडा जातो.

फेसिंग लागेल तेवढंच, सरळ होईपर्यंत. गाइड (व्हॉल्वची दांडी ज्यात सरकते ती नळी) बदलायचे तर जुना ठोकण्याआधी तो वर किती उभा आहे ते मोजून लिहून ठेवा, नवा तेवढाच उभा राहिला पाहिजे. एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट बसवून घ्या. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलसाठी बनलं होतं. शिसं व्हॉल्व आणि सीट यांच्यामध्ये उशीसारखं काम करायचं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं आणि तेव्हापासून सततच्या लांब धावांत मऊ लोखंडाची सीट झिजते, व्हॉल्व आत बुडतो, टॅपेटचा गॅप (रॉकर आणि व्हॉल्व यांच्यामधली फट) आपोआप मिटत जातो. सीटचा कोन ४५ अंश.

व्हॉल्व घासून झाल्यावर पेस्टचा कणही आत राहू देऊ नका. तपासणी सोपी: व्हॉल्व स्प्रिंग-लॉकसकट बसवा, हेड आडवं करून पोर्टमध्ये पेट्रोल ओता आणि पाच मिनिटं थांबा. चेंबरच्या बाजूला ओल दिसली तर तो व्हॉल्व परत घासायचा. हे दुकानातच, पैसे देण्याआधी करून घ्यावं. थोडा संकोच वाटतो, पण दुसऱ्यांदा हेड उतरवण्यापेक्षा बरा.

बसवणं

दोन्ही तोंडं थिनरनं पुसून कोरडी करा. गॅस्केटवर वरची आणि पुढची बाजू छापलेली असते, ती तशीच ठेवा. उलटं बसलं तर पाण्याची किंवा ऑइलची छिद्रं झाकली जातात. सिलिकॉन, डिंक, रंग काहीही लावू नका. गॅस्केट कोरडं. सिलिकॉनचा दाबून आत गेलेला धागा रॉकरला ऑइल नेणाऱ्या वाटेत अडकला की रॉकर शाफ्ट कोरडा चालून खरडला जातो, आणि ते महिनाभरानं आवाज आल्यावरच कळतं.

हेड सरळ खाली उतरवा, स्टडना ऑइलचा थेंब द्या आणि बाहेरचे सात नट हातानं लावा. पुशरॉड आपापल्या जागी सोडा, खाली टॅपेटच्या खोबणीत बसल्याचं बोटाला जाणवलं पाहिजे. रॉकरचे आठही ॲडजस्टिंग स्क्रू आधीच पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर आवळताना पुशरॉड वाकतो. रॉकर शाफ्ट ठेवा, पुशरॉडची टोकं स्क्रूच्या गोळ्यांखाली आली का ते एकेक बघा, मग उरलेले नट लावा.

अकरा नट मधून बाहेर, गोल फिरत आवळायचे. पहिली फेरी २० फूट-पाउंड, दुसरी ३०, शेवटची ४०, म्हणजे ५.५ किलोग्रॅम-मीटर. ब्रॅकेटचे लहान नट २५ फूट-पाउंड, साडेतीन किलोग्रॅम-मीटरला किंचित कमी. टॉर्क पाना एका लयीत ओढा. झटका दिला की तो खोटं बोलतो. एखादा नट फिरतच राहिला आणि टॉर्क वाढेना, तर थांबा: स्टड ताणतोय किंवा ब्लॉकचे आटे सुटतायत.

मॅनिफोल्डमध्ये जिथे एकच जाड वॉशर इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींना दाबतो, तिथे दोन्ही कानांची जाडी सारखी असावी लागते. नसेल तर वॉशर तिरका बसतो, इनलेट हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो. पुष्कळदा दोष कार्बुरेटरला दिला जातो.

टॅपेट

पुढून मोजलं तर व्हॉल्व असे: एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट. गॅप सगळ्यांना ०.३८ मिलिमीटर, म्हणजे १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग). नऊचा हिशेब लक्षात ठेवला की खुणा शोधाव्या लागत नाहीत: जो व्हॉल्व पूर्ण उघडा, त्याचा आकडा नऊमधून वजा करा आणि तो सेट करा. ८ उघडा तर १, ६ तर ३, ४ तर ५, ७ तर २, १ तर ८, ३ तर ६, ५ तर ४, २ तर ७. प्लग काढून हँडलनं फिरवलं तर हे काम अर्ध्या तासाचं. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर फिलरची पट्टी त्या खड्ड्यावरून पुलासारखी जाते: गॅप १५ वाटतो, असतो जास्त, आणि टकटक काही जात नाही. असा रॉकर बदला किंवा घासून घ्या.

पाणी भरणं आणि पहिला स्टार्ट

थर्मोस्टॅट लावायचाच. "आपल्याकडं गरमी, काढून टाका" हा सल्ला गावोगाव मिळतो. उघडलेला थर्मोस्टॅट पाण्याला फारसं अडवत नाही. गाडी तापते ती बुजलेल्या रेडिएटरनं. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन हिवाळ्यात थंडच चालतं आणि ऑइलमध्ये ओल साचते. बसवण्याआधी पातेल्यात दोरीनं टांगून पाणी तापवा आणि तो उघडतो ते डोळ्यानं बघा.

पाणी बोअरचं नको, टँकरचं नको. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, डब्यावर लिहिल्याप्रमाणे ३० ते ५० टक्के. डिस्टिल्ड मिळालं नाही तर आरओच्या जारचं, तेही नाही तर पत्रे धुऊन निघाल्यानंतर धरलेलं पावसाचं. सावकाश ओता, म्हणजे हवा अडकणार नाही. जुन्या ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं असेल तर ते काढून नवं ऑइल आणि फिल्टर आत्ताच.

प्लग न लावता स्टार्टर मारून ऑइलचा दाब येऊ द्या, मग प्लग लावून सुरू करा. रॉकर कव्हर उघडं ठेवून आठही रॉकरवर ऑइल पोचतंय का बघा. रेडिएटरचं झाकण काढून दहा मिनिटं चालवा, पाणी खाली गेलं की भरा. सुरुवातीला निघणारे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे. सतत येत राहिले तर गॅस्केट धरलेलं नाही.

पहिले तीनशे किलोमीटर सपाट रस्त्यावर, चार माणसं न भरता. कन्नडचा औट्रम घाट किंवा मांजरसुंब्याचा चढ नंतर. मग इंजिन रात्रभर थंड करून, त्याच क्रमानं एकेक नट पाव फेरा सैल करून पुन्हा ४० वर आणा. एका वेळी एकच नट, सगळे एकदम सैल नाही. त्यानंतर टॅपेट परत तपासा: गॅस्केट दबलं की हेड आणि रॉकर किंचित खाली येतात, पुशरॉड तेवढेच राहतात, आणि गॅप कमी होतो. टकटक ऐकू येत नाही म्हणून हे काम राहून जातं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व जळतो तो याच न वाजणाऱ्या टॅपेटमुळे.